थंडी आली: तोडणीआधी डिझेल ट्रकचं ऑइल बदला

पारा उतरू लागलाय. बाकीची कामं दोन दिवस थांबतील, पण माल वाहणाऱ्या ट्रकचं ऑइल नाही. दर थंडीत तेच पाहतो: तोडणी वेळेत झाली, संध्याकाळी गाडी भरली आणि पहाटे सेल्फ नुसता कण्हत राहिला. ऊन वर येईपर्यंत इंजिन धरत नाही आणि ताडपत्रीखालची पालेभाजी गारठून काळी पडते. पीक किडीनं नाही, चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) उन्हाळी ऑइलनं जातं.

डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरायचं नाही, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण ती साठत गेली की ऑइल दाटतं, आणि गारठ्यात आणखी दाटतं. डब्यावरचा 15डब्ल्यू-40 सारखा आकडा नव्या ऑइलचा असतो; डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. 15डब्ल्यू ऑइलची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे 20 अंशांना होते, 10डब्ल्यूची उणे 25 ला, 5डब्ल्यूची उणे 30 ला. त्याच्या भरवशावर हंगामभर वापरलेलं ऑइल ठेवू नका.

पहिला आकडा थंडीतला, दुसरा गरम इंजिनातला. ढोबळ हिशेब असा, अंतिम शब्द गाडीच्या पुस्तकाचा:

- 20डब्ल्यू-50: थंडीत नकोच
- 15डब्ल्यू-40: साधारण उणे 10 अंशांपर्यंत
- 10डब्ल्यू-30: त्याखाली, उणे 20 च्या आसपासपर्यंत, पुस्तकात दिलं असेल तरच
- 5डब्ल्यू-40: कडाक्याच्या गोठणीत

रात्री पाणीही गोठत नसेल, तर दुकानदार महागडं सिंथेटिक 5डब्ल्यू पुढे करेल तेव्हा सरळ नाही म्हणा. ‘घर्षण कमी करणारी’ बाटली तर फुकटसुद्धा नको. डब्यावरचा दर्जा मात्र पाहा: सीआय-4 की सीके-4 (डिझेल ऑइलचे एपीआय दर्जे) हे पुस्तकातून. धुराड्यात काजळीचा फिल्टर असेल तर कमी राखेचंच ऑइल. एफए-4 दर्जाचं ऑइल पातळ असतं, जुन्या इंजिनात घालू नका.

माझी एक शेतातली परीक्षा आहे, कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. गाडीतलं थोडं ऑइल एका बाटलीत, नवं दुसरीत, दोन्ही रात्रभर उघड्यावर ठेवा. पहाटे एकदम आडव्या करा. जुनं मधासारखं रेंगाळलं, तर किलोमीटर मोजत बसू नका, त्याच दिवशी काढा.

ऑइल इंजिन गरम असताना काढा, गाळ सोबत निघतो. पातळ करायला रॉकेल ओतणं आणि चेंबरखाली जाळ करणं, दोन्ही बंद. पहिल्यानं बेअरिंग जातं, दुसऱ्यानं कधीतरी गाडीच जाईल.

त्याच वेळी:

- ऑइल फिल्टर नवा
- डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं
- बॅटरीची टोकं घासणं
- कूलंट तपासणं

सपाट जागी, इंजिन बंद करून थोडं थांबून डिपस्टिक पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त भरलं तर फेस होतो. न भरता पातळी वाढत असेल तर डिझेल किंवा कूलंट आत उतरतंय, मिस्त्रीला दाखवा.

पहिली पहाट रिकाम्या गाडीवर काढा. सेल्फ मारल्यावर प्रेशरचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर इंजिन लगेच बंद करा आणि त्या दिवशीची तोडणी थांबवा.