कपाटात पडलेला वाळका शाईपेन पुन्हा चालू कसा करायचा

दहावीच्या बक्षिसाचा, आजोबांचा किंवा कुणाच्या सेंडऑफला आलेला असा एखादा शाईपेन बहुतेक घरात कपाटाच्या खणात पडलेला असतोच, आणि चालत नाही म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. पण यातले बरेचसे पेन बिघडलेले नसतात हो, नुसते वाळलेले असतात. ऑनलाइन नवीन पेन मागवायच्या आधी हा चालू करून बघा, लागतं काय तर पाणी, मऊ जुना टूथब्रश आणि दोन दिवसांचा धीर.

आधी पेन कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा. निबकडचा भाग फिरवून काढला आणि मागची नळी नुसतीच पोकळ दिसली तर तो ड्रॉपरने भरायचा. आत दाबायची पट्टी आणि पारदर्शक नळी असेल, जशी चायनीज हीरो पेनात असते, तर निब दौतीत बुडवून पट्टी चारपाच वेळा दाबून सोडायची. तिसरा कार्ट्रिज (शाई भरलेली तयार नळी) किंवा कन्व्हर्टरवाला (तिच्या जागी बसणारा, शाई ओढून घेणारा छोटा पंप). हीरोची नळी कडक होऊन तडकली असेल तर पेन भरायच्या भानगडीत पडू नका, सगळी शाई शर्टावर येईल.

आता भिजवणं. इथे सोलापूरकरांना एक जादा काम आहे कारण बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार वाळल्यावर निबवर पांढरे डाग धरतात आणि जिभेच्या, म्हणजे निबखाली बसणाऱ्या शाई उतरवणाऱ्या तुकड्याच्या, बारीक खाचांतही बसतात, आणि नळाचं पाणी तर रोज येतही नाही, त्यामुळे साठवलेलं कुठलंही पाणी चालेल असं समजू नका. पहिली धुलाई साध्या पाण्याने करा, शेवटची मात्र जारच्या किंवा आरओच्या पाण्याने. पेनाचा निबकडचा भाग वाटीत बुडेल एवढं पाणी घ्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाणी निळंशार झालेलं असेल, ते ओता, दुसरं घ्या, असं पाणी स्वच्छ राहीपर्यंत करत राहा. जुनी ब्लूब्लॅक असेल तर जास्त वेळ लागतो कारण त्या शाईत बऱ्याचदा लोहाचा अंश असायचा, तो हवा लागली की काळा पडून घट्ट बसतो. हट्टी पेनाला कपभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब, मग परत साधं पाणी.

गरम पाणी अजिबात नको!! जुने बरेच भारतीय पेन एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे असतात (राजमुंद्रीचे रत्नम पेन त्यातलेच, 1932 पासूनचे), गरम पाण्याने त्यांचा काळा रंग उडून शेवाळी-तपकिरी होतो आणि तो परत येत नाही.

भिजून मऊ झालं की साध्या पेनातली निब आणि जीभ एकत्र चिमटीत धरून सरळ ओढा, वाकडं करायचं नाही, निघत नसेल तर अजून एक रात्र पाण्यात. हीरोसारखी निब झाकलेली असेल तर खोलूच नका, नुसतं पाणी भरून-सोडून धुवा. बाहेर आलेल्या जिभेला एका बाजूने लांब खाच आणि आडवे दात दिसतील. त्या खाचेतून शाई निबकडे उतरते आणि तेवढीच हवा मागे जाते, म्हणून खाच तुंबली की पेन भरलेला असूनही लिहीत नाही. ब्रश हलक्या हाताने फिरवा. ब्लेड घालून निबची चीर रुंद करायचा सल्ला कुणीतरी देतंच, ऐकू नका, चीर एकदा फाकली की पेन ओकायला लागतो. आणि निबवर इरिडियम पॉइंट कोरलंय म्हणून हुरळून जायचं कारण नाही, हल्लीच्या टोकात इरिडियम असेलच असं काही नाही, दुसरा कडक धातूही असतो.

परत बसवताना निबची चीर जिभेच्या खाचेच्या बरोबर वर यायला हवी, आणि निब जिभेपेक्षा जराशी पुढे. उजेडात धरून समोरून बघा, चिरेच्या दोन्ही बाजूंची टोकं एका पातळीत दिसली म्हणजे झालं.

शाई पहिल्यांदा भरताना रॉयल ब्लूच घ्या, नवी पेठेत शाळेचं सामान ठेवणाऱ्या दुकानात विचारा, कॅमलची बाटली स्वस्तात मिळते आणि पाण्याने सहज निघते. कॅमल शाई बनवणारी ही कॅमलिन कंपनी मूळची आपल्या दांडेकरांची, 1931 ला मुंबईत घोडा छाप शाईपासून सुरुवात. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई मात्र चुकूनही नाही, त्यातली लाख आत वाळली की पेन कायमचा गेला.

ड्रॉपरचा पेन असेल तर आट्यांवर सिलिकॉन ग्रीस बोटाने चोपडा आणि नळी जवळजवळ पूर्ण भरा, हे उलटं वाटेल पण कमी शाईच पेनाला गळवते, कारण आतली मोकळी हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या पुढच्या उन्हात तर विचारूच नका, त्यामुळे खिशात निब वरच, आणि गाडीच्या डिकीत पेन ठेवायचा नाही.

लिहून बघायला पातळ लाँगबुक घेऊ नका, त्यावर अक्षराला मिशा फुटतात आणि दोष बिचाऱ्या पेनाला लागतो. घरात रोजमेळाची जुनी जाड वही असेल तर तिचं मागचं पान घ्या, तिथे शाईची खरी छटा दिसते, मधे फिकट आणि रेघ संपते तिथे गडद.

एक पेन चालू झाला की माणूस दुसरा शोधायला लागतोच, जुन्या दुकानदाराला पडून असलेला माल दाखवायला सांगतो, मग रंगीत शायांच्या बाटल्या जमतात. जमवा बिनधास्त, पण एका वेळी दोनच पेन भरलेले ठेवा, बाकीचे धुऊन रिकामे, आणि उन्हाळ्यात गावाला जाणार असाल तर ते दोनही रिकामे करून जा.