कार्बन डॉट्स बनवताय? चमक दिसली की लगेच खूश होऊ नका

एमएस्सीच्या प्रोजेक्टला कॅन्सर सेल इमेजिंगसाठी कार्बन डॉट्स (काही नॅनोमीटरचे, प्रकाश टाकला की चमकणारे कार्बनचे कण) घेतलेत ना, मग बनवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. साधारण १ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, एक तृतीयांश मिली इथिलीनडायअमाइन (हे फ्यूम हूडमध्येच घ्या, वाफ फार झोंबते) आणि १० मिली पाणी, टेफ्लॉन लावलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणारं बंद भांडं) २०० अंशाला ५ तास. ऑटोक्लेव्ह काठोकाठ भरायचा नाही आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचा नाही, घाई नकोच. तपकिरी पाणी निघेल, ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली निळंशार चमकेल.

आता खरं काम. ती चमक डॉट्सचीच आहे असं धरून चालू नका, कारण याच रिअ‍ॅक्शनमध्ये छोटे चमकणारे रेणूही बनतात आणि बरेचदा जास्त उजेड त्यांचाच असतो. म्हणून आधी सेंट्रिफ्यूज, मग ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर, मग १ किलोडाल्टनच्या पिशवीत डायलिसिस (छोटे रेणू पिशवीतून बाहेरच्या पाण्यात जातात, डॉट्स आत राहतात), निदान दोन दिवस, पाणी बदलत बदलत. दर वेळी बाहेरच्या पाण्यावर टॉर्च मारून बघा, चमकतंय तोवर थांबायचं नाही. शेवटी पिशवीत चमक बरीच कमी उरेल, वाईट वाटतं पण तोच खरा आकडा. क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशातला किती टक्के परत चमक म्हणून मिळतो) क्विनाइन सल्फेटशी ताडून काढा, ०.१ मोलर सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये त्याची ५४ टक्के धरतात.

कॅन्सर पेशी ओळखायला डॉट्सना फॉलिक अ‍ॅसिड जोडायचं, ईडीसी-एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी; बऱ्याच कॅन्सर पेशींवर ते पकडणारे फॉलेट रिसेप्टर जास्त असतात. हेला पेशींवर (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या) फॉलेट रिसेप्टर भरपूर, ए५४९ वर (फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या) कमी, म्हणून दोन्ही घ्या (पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेकडून सेल लाइन्स, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी, मिळतात). मीडियम (पेशी वाढवायचं द्रव) मात्र फॉलेट नसलेलं हवं, नाहीतर रिसेप्टर आधीच अडलेले असतात आणि आपण डॉट्सना दोष देत बसतो. एका प्लेटमध्ये मुद्दाम आधी मोकळं फॉलिक अ‍ॅसिड घाला, तिथे चमक कमी झाली तरच डॉट्स रिसेप्टरवाटे आत गेले म्हणता येतं. आणि डॉट्स न घातलेल्या पेशींचाही फोटो घ्या, पेशी स्वतःही निळ्या-हिरव्या उजळतात.

उपचाराचा भाग, म्हणजे प्रकाश टाकून सिंगलेट ऑक्सिजन (पेशी मारणारा तीव्र क्रियाशील ऑक्सिजन) बनवणं, करणार असाल तर तीन कंट्रोल लागतातच, नुसता प्रकाश, अंधारात डॉट्स, आणि काहीच नाही. निळा प्रकाश शरीरात खोल जात नाही, त्यामुळे प्राण्यांपर्यंत जायचं तर लाल किंवा निअर इन्फ्रारेडचे डॉट्स लागतील, ही रेसिपी तिथे चालणार नाही.

अजून एक, वाचताना कॉर्नेल डॉट्स दिसले तर गल्लत करू नका, त्यांनाही सी डॉट्स म्हणतात पण ते सिलिकाचे आहेत, माणसांवरच्या ट्रायलला २०११ मध्ये परवानगी मिळाली ती त्यांना.