कर्नलच्या मेमरी ॲलोकेटरमधला डेड कोड काढताय? आधी या चुका टाळा

सर्व्हरच्या दुसऱ्या सॉकेटला रॅमच लावलेली नव्हती. एवढंच कारण होतं.

लिनक्स कर्नलच्या ॲलोकेटरवर (मेमरी वाटून देणाऱ्या भागावर) आमचा स्वतःचा एक पातळ थर होता. त्यात एक वाट अशी होती: मागितलेल्या नूमा नोडवर (एका सॉकेटचे सीपीयू आणि त्यांच्याजवळची रॅम) मेमरी नसेल तर शेजारच्या नोडकडून घ्यायची. मी तिथे काउंटर लावला आणि दोन आठवडे लॅबमधल्या सगळ्या मशीनवर चालू ठेवला. आकडा शून्य. मग त्या सोळा ओळी उडवल्या. रिव्ह्यूमध्ये कुणी हरकत घेतली नाही. कोड कमी होतोय म्हटल्यावर कोण हरकत घेणार? पुढे ग्राहकाकडचं एक मशीन बूट होतानाच पॅनिक झालं. तिथे रॅमच्या सगळ्या पट्ट्या पहिल्याच सॉकेटला लावलेल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या नोडला सीपीयू होते पण मेमरी नव्हती. आमची मागणी जायची ती ‘याच नोडवरून दे, दुसरीकडे बघू नकोस’ या फ्लॅगसह. परत आला नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, आणि त्याची दखल घेणाऱ्या ओळी मी काढून बसलो होतो.

तेव्हापासून ‘इथे कधीच कुणी पोचत नाही’ असं वाक्य कमिट मेसेजमध्ये दिसलं की मी विचारतो: कुठल्या मशीनवर, कुठल्या कॉन्फिगमध्ये, आणि हे सांगतंय कोण?

काउंटर शून्य दिसला म्हणून काढून टाकणं

ॲलोकेटरमधल्या काही वाटा आयुष्यात एकदाच चालतात. स्लब या कर्नलच्या छोट्या ऑब्जेक्टसाठीच्या ॲलोकेटरमध्ये प्रत्येक कॅशला (एकाच प्रकारच्या ऑब्जेक्टच्या साठ्याला) नोडमागे एक छोटं स्ट्रक्चर लागतं, आणि ती स्ट्रक्चरंही एका कॅशमधूनच यायची असतात. मग त्या पहिल्या कॅशचं स्वतःचं स्ट्रक्चर कुठून आणायचं? आधी कोंबडी की आधी अंडं, तसलाच प्रकार. म्हणून एक वेगळं फंक्शन आहे, जे थेट पानं मागून घेतं आणि त्यातला पहिला ऑब्जेक्ट स्वतःसाठीच वापरतं. ते बूटच्या अगदी सुरुवातीला, नोडमागे एकदा चालतं. एफट्रेस हा कर्नलचा ट्रेसर जागा होण्याआधीच त्याचं काम आटोपलेलं असतं आणि केकव्ह हे कव्हरेजचं साधन तर टास्कपुरतंच मोजतं. दोन्हीकडे बघाल तर हे फंक्शन मेलेलं दिसेल. काढलंत तर कन्सोलवर एक ओळही न छापता मशीन थांबेल.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे स्टॅटिक की, कोडमधली एखादी शाखा चालू-बंद करणारी कळ. डिबगच्या तपासण्या, वाटप करताना मेमरी शून्य करणं, अशा गोष्टी बंद असतात तेव्हा त्या जागी मशीन कोडमध्ये नुसता नॉप (काहीच न करणारी सूचना) असतो. डिसअसेंब्ली बघणारा म्हणतो, इथे उडीच नाही. पण बूटचा एक पर्याय दिला की कर्नल स्वतःचाच कोड पॅच करतो आणि नॉपच्या जागी उडी येते.

तिसरा प्रकार आर्किटेक्चरचा. स्लब दोन मशीन शब्दांची तुलना आणि अदलाबदल एकाच अणुवत सूचनेत करतो. ६४ बिट एक्स८६ वर ही सूचना आहे, म्हणून लॉक घेऊन तेच काम करणारी पर्यायी बाजू तिथे अडगळ वाटते. ज्या प्रोसेसरला अशी सूचना नाही त्यांचं सगळं त्या अडगळीवरच चालतं. रिअल टाइम कर्नलचंही तसंच. २०२४ च्या अखेरीस आलेल्या ६.१२ पासून ते कॉन्फिग मुख्य झाडात आहे, आणि त्यात स्लबची लॉक नसलेली जलद वाट मुद्दाम बंद ठेवलेली असते.

फॉल्ट इंजेक्शन चालू केलं, काही घडलं नाही, म्हणजे सिद्ध झालं

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्यावर जरा जास्त वेळ घालवतो.

मेमरी मिळाली नाही तर काय होतं हे तपासायला मुद्दाम अपयश घालणारी फेलस्लॅब आणि फेल पेज ॲलॉक ही दोन हत्यारं कर्नलमध्येच आहेत. लोक डिबगएफएसमध्ये (कर्नलच्या डिबग सेटिंगच्या फाइलींत) जातात, प्रोबॅबिलिटी १०० करतात, टेस्ट चालवतात आणि एरर हाताळणारी वाट चाललीच नाही म्हणून ती मेलेली ठरवतात. खरी गोम मूळ सेटिंगमध्ये असते.

टाइम्स नावाची फाइल उघडून बघा. तिची मूळ किंमत १ आहे. म्हणजे एकदाच अपयश घालायचं आणि मग गप्प बसायचं. ते एक अपयश तुमच्या कोडला मिळेल याची काय खात्री? बहुतेक वेळा ते शेलच्याच कुठल्या तरी मागणीला मिळतं आणि तुमचा कोड निवांत चालतो. तिथे उणे एक लिहावं लागतं. (आणि तसं केलंत तर टास्क फिल्टर लावा, नाहीतर शेलच हातातून जाईल आणि रीबूटशिवाय इलाज उरणार नाही.)

त्याहून वाईट म्हणजे झोपू शकणाऱ्या मागण्या वगळण्याचं सेटिंग. ते मुळातच ‘हो’ असतं. ड्रायव्हर किंवा फाइल सिस्टिममधल्या बहुतेक मागण्या जीएफपी कर्नल फ्लॅगच्या, म्हणजे झोपू शकणाऱ्याच. त्यांना हे हत्यार हातच लावत नाही, जोवर तुम्ही तिथे ‘नाही’ लिहीत नाही. पानांच्या बाजूला आणखी एक आहे: किमान ऑर्डर (पानांची संख्या म्हणजे दोनचा कितवा घात) मुळात १. म्हणजे एका पानाच्या मागणीला अपयश येतच नाही, आणि सगळ्यात जास्त मागण्या तर एका पानाच्याच असतात.

एकाच कॅशला लक्ष्य करायचं असेल तर कॅश फिल्टर आहे, पण तिथेही एक खड्डा आहे. स्लब सारख्या आकाराच्या कॅश एकमेकांत मिसळतो. तुमची कॅश दुसऱ्या कुणात मिसळलेली असेल तर कर्नल तिच्यावर खूण करूच देत नाही. टेस्टपुरतं मिसळणं बंद करून बूट करा.

‘छोटी मागणी कधी फेल होत नाही’

हे अर्धसत्य कर्नलवर काम करणाऱ्यांच्या तोंडी बसलेलं आहे. ऑर्डर ३ पर्यंतच्या, म्हणजे ४ केबीच्या पानांवर ३२ केबीपर्यंतच्या, जीएफपी कर्नल मागणीसाठी पेज ॲलोकेटर सहजी हार मानत नाही. पानं मोकळी करतो, परत प्रयत्न करतो, वेळ पडली तर ओओएम किलरला (मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणाऱ्याला) बोलावतो. यावरून कुणीतरी निष्कर्ष काढतं की या मागण्यांनंतरची नलची तपासणी म्हणजे नुसता भार.

पण हे त्याचं वागणं झालं. वचन त्याने कुणाला दिलेलं नाही. मागणारी प्रोसेसच ओओएमची बळी ठरली असेल, तर राखीव साठा संपल्यावर तिला नल मिळू शकतो. मागणीचा हिशेब सीग्रुपच्या (मर्यादा घातलेल्या प्रोसेसच्या गटाच्या) नावे लागत असेल आणि तिथली मर्यादा संपली असेल, तर मशीनवर ढीगभर मेमरी मोकळी असूनही नल येऊ शकतो. कंटेनरच्या जमान्यात हे काही दुर्मिळ राहिलेलं नाही. ती तपासणी राहू द्या.

वचन असतं ते दोन ठिकाणी. नोफेल फ्लॅग दिला असेल तर ॲलोकेटर लागेल तितका वेळ थांबेल पण नल देणार नाही, आणि निकाल तपासण्यात अर्थ नाही असं कर्नलच्याच कॉमेंटमध्ये लिहिलेलं आहे. दुसरं मेमपूल, आधीच राखून ठेवलेल्या ऑब्जेक्टचा साठा. मागणी झोपू शकणारी असेल तर मेमपूल नल देत नाही, राखीव ऑब्जेक्ट परत येईपर्यंत थांबतो. या दोन्ही ठिकाणची नलची तपासणी बिनधास्त काढा. मात्र मेमपूलच्या बाबतीत फ्लॅग कुठून येतो ते बघा. तो वरून पॅरामीटर म्हणून येत असेल तर एकूण एक कॉलर तपासावा लागेल. त्यातला एक जरी इंटरप्टमधून ॲटॉमिक (झोपू न शकणारा) फ्लॅग घेऊन आला की तुमची ‘अशक्य’ वाट शक्य झाली.

ॲलोकेटर गेला, पण त्याच्या नावाने उभं असलेलं काही राहिलं

स्लॅबची मूळ कल्पना जेफ बॉनविक यांची, सनओएस ५.४ साठीची, त्यावरचा त्यांचा पेपर १९९४ चा. लिनक्समध्ये बराच काळ या कल्पनेचे तीन अवतार शेजारी शेजारी नांदले: जुना स्लॅब, छोट्या मशीनसाठीचा स्लॉब, आणि २००७ मध्ये २.६.२२ बरोबर आलेला क्रिस्टोफ लॅमीटर यांचा स्लब. २०२३ मध्ये ६.४ ने स्लॉब काढला आणि २०२४ च्या मार्चमध्ये ६.८ ने स्लॅब. फक्त स्लब उरला. साहजिकच झाडू मारायची संधी आली, आणि झाडू मारताना हमखास होणाऱ्या चुकाही.

सोपी बाब आधी. गेलेल्या कॉन्फिगचं नाव घेणारे इफडेफ (कोड ठेवायचा की गाळायचा ते ठरवणाऱ्या अटी) कंपायलरला कधीच खटकत नाहीत, कारण नसलेलं चिन्ह म्हणजे नुसतं ‘खोटं’. ते शोधायला स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये केकॉन्फिगची चिन्हं तपासणारी एक पायथन स्क्रिप्ट आहे. ती चालवा, डोळ्यांवर विसंबू नका.

आता जरा नाजूक. प्रॉकमधली स्लॅबइन्फो फाइल उघडा. प्रत्येक ओळीत ट्यूनेबल्स या शब्दापुढे तीन आकडे आहेत आणि तिन्ही शून्य. स्लबला त्यांचा काही उपयोग नाही, ते जुन्या स्लॅबचे. छापणारा कोड काढावासा वाटतो ना? पण स्लॅबटॉपसारखी साधनं ही ओळ रकाने मोजत वाचतात. कर्नलच्या दृष्टीने निरुपयोगी असलेले ते तीन शून्य बाहेरच्या जगासाठी करार आहेत. सीपीयूसेटमधल्या स्लॅब पसरवण्याच्या फाइलचंही तेच झालं. तिच्यामागचा फ्लॅग काढून टाकला, पण फाइल ठेवली आणि डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ लिहिलं की ही आता काहीही करत नाही. मला हा मार्ग पटतो.

आणि सगळ्यात शिकण्यासारखा प्रसंग आरसीयूचा, म्हणजे वाचणारे बाहेर पडेपर्यंत मेमरी सोडणं पुढे ढकलणाऱ्या पद्धतीचा. स्लॉब असताना कॅशमधून घेतलेला ऑब्जेक्ट साध्या केफ्रीने (मेमरी सोडणाऱ्या नेहमीच्या फंक्शनने) सोडता येत नसे, म्हणून अनेक ठिकाणी नुसतं ‘कॅशला परत दे’ एवढंच करणारे एका ओळीचे आरसीयू कॉलबॅक लिहिलेले होते. स्लॉब गेल्यावर ते अनावश्यक झाले. त्यांच्या जागी केफ्री आरसीयू घातलं की कॉलबॅक पूर्ण उडतो. २०२४ मध्ये असे पॅच आले, आणि काही मागेही घ्यावे लागले. मॉड्यूल बाहेर पडताना आरसीयू बॅरियर म्हणायचं आणि मग कॅश नष्ट करायची, ही जुनी रीत. बॅरियर साध्या कॉलबॅकसाठी थांबतो. केफ्री आरसीयू मात्र पॉइंटर गठ्ठ्याने साठवून नंतर सोडतं, आणि त्या गठ्ठ्यांसाठी तो बॅरियर थांबत नाही. म्हणजे कॅश नष्ट करायला गेलात तेव्हा ऑब्जेक्ट अजून आतच, आणि लॉगमध्ये तक्रार: कॅशमध्ये अजून ऑब्जेक्ट शिल्लक आहेत. तो एका ओळीचा कॉलबॅक मेमरी सोडण्याखेरीज आणखी एक काम करत होता, बॅरियरला दिसण्याचं. ६.१२ मध्ये कॅश नष्ट करणारं फंक्शनच या गठ्ठ्यांसाठी थांबू लागलं, तेव्हा हा प्रश्न सुटला.

इथेच बॅकपोर्टचा धोका लक्षात घ्या. ६.६ च्या दीर्घकालीन शाखेत स्लॅब आहे आणि ६.१ मध्ये स्लॅब आणि स्लॉब दोन्ही आहेत. मुख्य झाडात जो कोड मेला तो तिथे जिवंत आहे. सफाईच्या पॅचवर स्टेबलचा (जुन्या शाखांतही घ्या असं सांगणारा) टॅग लावू नका.

काढण्याऐवजी ‘अनरीचेबल’ लिहिणं

काहींना ओळी काढायला भीती वाटते, म्हणून ते त्या जागी अनरीचेबल मॅक्रो ठेवतात. हे काढण्यापेक्षा घातक आहे. कंपायलरला तुम्ही शब्द देता की इथे कुणी येणार नाही. तो पुढचा रिटर्नसुद्धा छापत नाही. कुणी आलंच तर अंमल घसरून शेजारच्या फंक्शनमध्ये शिरतो. ऑब्जटूलने (तयार मशीन कोड तपासणाऱ्या साधनाने) ‘पुढच्या फंक्शनमध्ये घसरतंय’ अशी तक्रार केली तर ती दाबू नका. खात्री नसेल तर एकदाच छापणारा वॉर्न घाला, एक-दोन रिलीज जाऊ द्या, मग काढा.

काढून झालं आणि काहीतरी बिघडलं

कन्सोल काळा असेल तर अर्लीकॉन (बूटच्या सुरुवातीपासून छापणारा कन्सोल) देऊन बूट करा. बिघाड बहुधा बूटच्या वेळच्या एखाद्या वाटेत आहे. ऊप्समधल्या (कर्नलने छापलेल्या बिघाडाच्या अहवालातल्या) रजिस्टरांत ६बी६बी६बी६बी असा पत्ता दिसला तर फार शोधाशोध नको: स्लबच्या पॉयझनिंगने सोडलेल्या मेमरीत भरलेली ती किंमत आहे, म्हणजे सोडलेला ऑब्जेक्ट कुणीतरी वापरतंय आणि तुम्ही काढलेल्या ओळींत बहुधा संदर्भ मोजणारी ओळ होती. ५ए५ए दिसलं तर ऑब्जेक्ट भरायचाच राहिलाय. मेमरी हळूहळू चढत असेल तर केमेमलीक (गळती शोधणारं साधन) लावा आणि काढलेल्या गोटू लेबलांपासून सुरुवात करा. दोन लेबलं एकत्र करताना एखादी केफ्री सुटलेली सापडते.

हे सगळं बायसेक्टने (बिघडवणारा कमिट निम्म्या-निम्म्याने शोधून) पकडता यावं म्हणून एका कमिटमध्ये एकच वाट काढा आणि मेसेजमध्ये ती का मेली ते लिहा: ‘६.४ मध्ये स्लॉब गेल्यामुळे’, ‘मेमपूलची मागणी झोपू शकणारी असल्यामुळे’. ‘वापरात नाही’ हे कारण नव्हे.

आमच्या त्या सोळा ओळी परत आल्या. सोबत टेस्टमध्ये क्यूईएमयूचं (आभासी मशीनचं) एक कॉन्फिग आलं: दोन नोड, दुसऱ्याला दोन सीपीयू आणि मेमरी शून्य. जुना काउंटर तिथे पुन्हा लावला. लॉगिनचा प्रॉम्प्ट येईपर्यंत तो ३७ वर पोचला होता.