रद्दीतल्या गूढकथा कशा वाचवायच्या

दिवाळी झाली की लगेच रद्दीच्या दुकानात जाऊ नका. दिवाळी अंक तेव्हा घराघरांतून फिरत असतात. मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधीच्या आवराआवरीत ते बाहेर पडतात. दुसरी खेप गणपतीच्या आधी, घरं रंगवायला काढतात तेव्हा. बेळगावात पावसाळ्यात रद्दी भिजते, भिजली की भाव पडतो आणि माल जातो लगद्याला. म्हणून मेचा शेवटचा आठवडा मी चुकवत नाही.

टिळकवाडीत माझं झेरॉक्सचं दुकान, घर शहापूरला. येता-जाता दोन रद्दीवाले लागतात, त्यातून हा नाद लागला. आज माझ्याकडे बांधलेले एकवीस खंड आहेत. रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा आणि ज्यांना काय म्हणावं ते कळत नाही अशा कथा. अख्खा अंक मी ठेवत नाही, कथा काढून घेते. संग्रह करणारी मंडळी हे ऐकून कानांवर हात ठेवतात. ठेवू देत. त्यांच्याकडे माळे असतील, माझ्याकडे एकच कपाट आहे.

रद्दीवाल्याकडे गेल्यावर गूढकथा, रहस्यकथा हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. मी नुसतं कानडीत विचारते, "मामा, हळे बुक अदावेन्री?" म्हणजे जुनी पुस्तकं आहेत का. तो म्हणतो, "नोड्री अक्का," बघा ताई, आणि कोपरा दाखवतो. तुम्हाला हवं काय ते कळलं की किलोचा भाव नगावर येतो. ढिगात दोन पाककृतींचे अंक मुद्दाम मिसळावेत. एकदा मी "ह्यात काय काय आहे हो?" असं विचारलं, तर म्हणाला, "वजनानं देतो की. आतलं मी वाचलंय व्हय?"

आता दुकानात उभ्या उभ्याच करायची तपासणी. कथेचं पहिलं पान बघून भुलू नका. जुन्या दिवाळी अंकांत कथा मध्येच तुटते आणि खाली बारीक टायपात येतं, "उर्वरित मजकूर पान १९४ वर". ते पान १९४ असतं मागे, जाहिराती आणि राशिभविष्याच्या शेजारी. नेमकी हीच पानं लोक फाडतात. कुणी भविष्य कापून घेतं, कुणी पाककृती. माझ्याकडच्या एका रहस्यकथेत इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतो, बोलायला लागतो आणि तिथे कागदाला चौकोनी खिडकी. मागच्या बाजूला अननसाच्या शिऱ्याची कृती होती, ती कुणी गृहिणीने कातरीने सुबक कापून नेली होती, त्यासोबत खुनी पण गेला. दोन वर्षांनी निपाणीला माझ्या मावसबहिणीच्या माळ्यावर तोच अंक अख्खा मिळाला. खुनी ठीकठाक होता. शिरा मी करून बघितला, साखर फार होते.

म्हणून आधी शेवटचं पान, मग "उर्वरित"चं पान, आणि मगच सुरुवात. वाचनालयाच्या शिक्क्याचे अंक असतील तर समासही बघा. आधीच्या वाचकांना फार घाई असते. एका अंकात तिसऱ्याच पानावर बाण काढून पेन्सिलीने लिहिलं होतं, "भाचा". तेव्हापासून नवा गठ्ठा आला की आधी माझा मुलगा तो चाळतो आणि खोडरबर फिरवतो. त्याला या कथांची आवड नाही, हे सोयीचंच आहे.

कुठले अंक उचलायचे? 'धनंजय' दिसला तर विचार करू नका, रहस्यकथांसाठीच तो ओळखला जातो. 'नवल' दिसला तर उचला. अनंत अंतरकरांनी 'हंस' आणि 'मोहिनी'बरोबर चालवलेला हा अंक, आणि त्यात नावाप्रमाणेच नवलाच्या कथा असायच्या. पण नुसत्या नावावर जाल तर फसाल. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली. तिला कुणी गूढकथांचं मासिक म्हणणार नाही, पण जी. ए. कुलकर्णींच्या कथा तिच्यात यायच्या. जी. ए. आपल्याच भागातले, १९२३ साली चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्यात जन्मलेले, आयुष्य धारवाडात शिकवण्यात गेलं. वाचनालयात त्यांना "गंभीर साहित्य" म्हणून वरच्या फळीवर ठेवतात. त्यांची 'स्वामी' रात्री एकट्याने वाचा, जमिनीखालच्या खोलीत कोंडलेल्या त्या माणसाबरोबर तासभर काढा, आणि मग मला सांगा ती कुठल्या फळीवर ठेवायची. मी ती भयकथांच्या खंडाला जोडली आहे.

घरी आणल्यावर पहिलं काम वाचन नाही, नोंद. कथेच्या पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने अंकाचं नाव, वर्ष, पानं. पेन वापरू नका, दमटपणात शाई मागच्या पानावर उतरते. लेखकाचं नाव छापलंय तसंच लिहा, खरं नाव माहीत असेल तर शेजारी कंसात. टोपणनावांचा घोळ मोठा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं, लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! आद्याक्षरं उलटी केली, अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. म्हणून अनोळखी नाव दिसलं की कथा टाकून देऊ नका. शेवटी "एका परकीय कथेवरून" अशी ओळ असेल तर तीही नोंदीत घ्या, ती बहुधा इतकी बारीक असते की भिंगच लागतं.

मुखपृष्ठ गेलेलं असेल तर वर्ष कसं काढायचं? मला यात कथेइतकीच मजा येते. राशिभविष्याच्या किंवा पंचांगाच्या पानावर शके सापडला तर त्यात ७८ मिळवा. शके १८९९ म्हणजे १९७७ ची दिवाळी. तो नसेल तर जाहिराती वाचा. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर अंक १९७२ च्या दिवाळीचा किंवा त्यानंतरचा, कारण पिन कोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाला. नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, पुष्कळ दुकानदार पुढे कितीतरी वर्षं पिन लिहीतच नसत.

आता काढणी. बऱ्याच अंकांना कडेने दोन-तीन पिना मारून वर मुखपृष्ठ चिकटवलेलं असतं. आपल्या हवेत पिना गंजतात आणि कागदाला धरून बसतात. ओढाल तर भोकासकट कागद येईल. मागून पिनेचे पाय बोथट सुरीने उभे करा, मग पुढून अलगद उचला. एका कथेचा शेवट आणि दुसरीची सुरुवात एकाच पानाच्या दोन बाजूंना आली तर एकीची झेरॉक्स काढावी लागते. मी मूळ पान जास्त आवडीच्या कथेला देते. हा अन्याय आहे, पण खंड माझा आहे.

फाटलेल्या कडांना सेलोटेप लावू नका. काही वर्षांनी ती पिवळी पडून सुटते आणि कागदावर तेलकट पट्टा कायमचा राहतो. पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ वापरा. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर चकचकीत होईपर्यंत ढवळायचं, वर चिमूटभर मोरचूद म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विष आहे, त्याचं पातेलं स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही. माझ्या सासूबाईंनी ते पातेलं एकदा घासून मांडणीवर ठेवलं होतं. त्या दिवशी घरात खरीच रहस्यकथा घडली असती.

बांधणी मी शहापुरातल्या एका बाइंडरमामांकडून करून घेते. पानं जोडीने असतील तर जुजबंदी, म्हणजे घडीतून शिवण, करायला सांगा, खंड सपाट उघडतो. सुटी पानं असतील तर कडेने टोचून शिवण, पण त्याआधी मजकूर कडेपासून किती लांब आहे ते मोजा. माझ्या तिसऱ्या खंडात प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर शिवणीत गेलंय. वाचताना अंदाजाने भरावं लागतं. भयकथेत ते चालून जातं म्हणा.

पावसाचं सांगायलाच हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या खालच्या खोलीत पाणी शिरलं, चाळीसेक अंक भिजले. साधा कागद वाचतो. दर दहा-बारा पानांमागे कोरडा कागद घाला, पंख्याखाली ठेवा, घालायचा कागद बदलत राहा, उन्हात नेऊ नका. गुळगुळीत आर्ट पेपर मात्र ओला असतानाच पान-पान सुटा करावा लागतो, एकदा वाळला की वीट होते. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, आत वेखंडाची पुरचुंडी. निपाणीची मंडळी तंबाखूचं पान ठेवा म्हणाली, ठेवलं. कसर लागली नाही, पण तो खंड उघडला की मुलगा खिडकी उघडतो.

सध्या बाविसावा खंड बाइंडरमामांकडे आहे. त्यात एक कथा आहे: भाड्याच्या खोलीत राहणारा एक कारकून, त्याचं विजेचं मीटर रात्री उलटं फिरतं. आपल्याकडून वीज कुणी घेतंय ते लोक बघतात, याला वीज देतंय कोण? तो कंदील घेऊन तळघराचा जिना उतरायला लागतो, आणि "उर्वरित मजकूर पान २०७ वर". माझा अंक २०६ ला संपतो. मुखपृष्ठ नाही, शके नाही, एका साडीच्या दुकानाच्या जाहिरातीत पिन कोड आहे, म्हणजे १९७२ चा किंवा त्यानंतरचा, एवढंच. मामांना सांगून त्या जागी चार कोरी पानं शिवून घेतली आहेत.