फर्स्ट शिफ्टवाल्यांसाठी शेअरचं ॲप: आधी पैसे काढून बघा, मग घाला

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात मी पगार आणि हिशेब बघते. पगारपत्रक, पीएफ, फॉर्म सोळा ही माझी कामं. पण हल्ली जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येणारा प्रत्येक दुसरा माणूस मोबाइल पुढं करतो. "मॅडम, ॲप घेतलंय, आता कोणता शेअर घेऊ?"

कोणता घ्या हे मी सांगत नाही. तो माझा धंदा नाही, आणि धंदा करायचा तर सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडं नोंदणी लागते. मी एवढंच म्हणते की घरखर्चाला हात न लावता दीड-दोन हजार रुपये बाजूला काढा आणि पहिल्या महिन्यात एक पूर्ण फेरी मारा. बँकेतून ॲपमध्ये पैसे, पैशांचा शेअर, शेअरचे परत पैसे आणि ते पैसे परत बँकेत. पैसे घालायचं ॲप पहिल्याच मिनिटाला शिकवतं. काढायचं बटण मात्र मेनूत शोधत बसावं लागतं. ते सापडून, दाबून, बँकेचा मेसेज येईपर्यंत मोठी रक्कम आत टाकायची नाही.

खातं उघडताना

पॅन, आधार, बँकेचं खातं आणि कोऱ्या पांढऱ्या कागदावर सही, इतकंच लागतं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, कारण शेवटी ई-साइनचा, म्हणजे ऑनलाइन सहीचा, ओटीपी त्याच नंबरवर येतो. जुनं सिम फेकून दिलेलं असेल तर आधी आधार केंद्र गाठा. बायकांची आणखी एक अडचण होते: आधारवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं. नावं जुळली नाहीत की अर्ज लटकतो. पॅन दुरुस्त करून घेतल्याशिवाय पुढं जाऊच नका.

अर्ज भरताना घाईत "नेक्स्ट, नेक्स्ट" दाबत सुटू नका. नॉमिनीचं नाव तिथल्या तिथं भरून टाका. आणि सेगमेंट, म्हणजे कोणत्या प्रकारचे व्यवहार करणार, हे विचारतात तिथं फक्त इक्विटीवर (साध्या शेअरवर) टिक ठेवा. फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे, सुरू करायला उत्पन्नाचा पुरावा मागतात. त्यामुळं कोणी "मॅडम, ॲपला सॅलरी स्लिप पाहिजे" म्हणत आला की याने कुठं टिक केलंय ते मला लगेच कळतं.

खरं तर तुम्ही दोन खाती उघडत असता. ट्रेडिंग खातं ब्रोकरकडं, म्हणजे ज्याचं ॲप आहे त्या दलालाकडं असतं, त्यातून खरेदी-विक्री होते. डिमॅट खातं एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत असतं, शेअर तिथं राहतात. फोन हरवला, ॲप उडालं, तरी शेअर जागेवरच असतात. सोळा आकडे-अक्षरांचा डिमॅट नंबर एका वहीत लिहून ठेवा आणि ती वही घरच्यांना दाखवून ठेवा.

ॲप कोणतं? झिरोधा, ग्रो, एंजल वन, अपस्टॉक्स, शिवाय तुमच्या बँकेचंही असेल. मी दोन गोष्टी बघायला सांगते. एक, दर ऑर्डरला ब्रोकरेज, म्हणजे दलाली, किती. दुसरी, डिमॅटचं वार्षिक शुल्क किती. तुमच्या नावावर एकच डिमॅट असेल तर ते "बेसिक" प्रकारात बसतं आणि १ सप्टेंबर २०२४ पासून अशा खात्यात ४ लाखांपर्यंतचे शेअर असतील तर वार्षिक शुल्क शून्य आहे. ऑफर दिसली म्हणून चार ॲपवर चार खाती उघडणाऱ्याच्या हातून ही सवलत जाते.

ॲप ब्रोकरच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या लिंकवरूनच घ्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून नाही. बनावट ॲपमध्ये नफा फार सुंदर दिसतो, पण तो काढायला गेलं की "आधी टॅक्स भरा", "आधी व्हीआयपी फी भरा" सुरू होतं. खूण सोपी आहे. पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा रोज बदलणाऱ्या यूपीआय आयडीवर मागितले की समजायचं, हा ब्रोकर नव्हे. खऱ्या ब्रोकरकडं पैसे फक्त तुमच्याच नावाच्या, आधी जोडलेल्या बँक खात्यातून जातात आणि त्याच खात्यात परत येतात. बायकोच्या फोनवरून टाकलेले पैसे जमा का झाले नाहीत, याचंही उत्तर तेच.

पहिली ऑर्डर

ॲप उघडल्यावर वॉचलिस्ट, म्हणजे भाव बघायच्या शेअरची यादी, रिकामी असते. आमच्याकडं ती भरायला वेळ लागत नाही. बॉश, महिंद्र, सीएट हे कारखाने सातपूरमध्येच आहेत, ओझरला एचएएल, गंगापूर धरणाच्या बाजूला सुला. सगळ्या कंपन्या शेअर बाजारात आहेत. टाका यादीत आणि काही दिवस नुसते भाव बघा. बॉशचा एक शेअर आपल्या महिन्याच्या पगाराला भारी पडतो, आणि भारतात अर्धा शेअर मिळत नाही, हेही तिथंच कळतं. मात्र गेटवर गाड्यांची रांग दिसली म्हणून शेअर वाढेल, या हिशेबात पडू नका. बॉश किंवा महिंद्रच्या एकूण धंद्यात नाशिकचा प्लांट हा एक तुकडा आहे. आणि आतल्या माणसाकडून कळलेल्या, बाहेर न आलेल्या बातमीवर शेअर घेणं हा कायद्याने गुन्हा आहे, "भाऊ तिथं कामाला आहे" हे कारण चालत नाही.

ऑर्डरच्या पानावर चार जागा बघायच्या: डिलिव्हरी की इंट्राडे, लिमिट की मार्केट, संख्या, भाव. काही ॲपमध्ये डिलिव्हरीला सीएनसी आणि इंट्राडेला एमआयएस म्हणतात. डिलिव्हरीच निवडा, त्यात घेतलेला शेअर हवा तितके दिवस ठेवता येतो. इंट्राडेत घेतलेला शेअर त्याच दिवशी विकावा लागतो. तुम्ही विसरलात तर बाजार बंद व्हायच्या आत ब्रोकर विकून टाकतो, आलेल्या भावाला.

लिमिट आणि मार्केट समजायला लासलगावचा लिलाव आठवा. तिथं ट्रॉली उभी असते आणि बोली फक्त व्यापारी चढवतो. इथं विकणाराही आपला भाव सांगून उभा असतो. शेअरच्या नावावर दाबलं की "मार्केट डेप्थ" दिसतं: एका बाजूला घेणाऱ्यांचे पाच भाव, दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांचे पाच, आणि प्रत्येकासमोर किती शेअर ते. मार्केट ऑर्डर म्हणजे समोर जो भाव असेल त्याला माल उचलणं. लिमिट म्हणजे "मी १५० च्या वर देणार नाही" असं सांगून थांबणं. मोठ्या, रोज लाखोंनी उलाढाल होणाऱ्या शेअरमध्ये दोन्हींत फरक काही पैशांचाच असतो. छोट्या कंपनीत मात्र घेणारा १४६ ला आणि विकणारा १५३ ला उभा असतो. तिथं मार्केट ऑर्डर टाकली की उचलल्या क्षणी ७ रुपये खाली. म्हणून सवयच लिमिटची लावून घ्या.

आता आपला खास प्रश्न. बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो. आमची फर्स्ट शिफ्ट सात ते साडेतीन, आणि मशीनवर मोबाइल चालत नाही. म्हणजे फर्स्ट शिफ्टवाल्याला बाजार दिसतच नाही. मला विचाराल तर हे बरंच आहे. रात्री जेवण झाल्यावर शांतपणे "आफ्टर मार्केट ऑर्डर" टाका, लिमिट भाव लिहा, झोपा. सकाळी ती बाजारात जाते. भाव तिथं आला तर खरेदी होते, नाही आला तर संध्याकाळपर्यंत ऑर्डर रद्द होते आणि पैसे मोकळे. सुपरवायझरचा डोळा चुकवून टॉयलेटमध्ये भाव बघणारे मी ओळखते. त्यांचा शेअर काही त्यामुळं जास्त चढलेला नाही.

घेतल्यानंतर आणि विकताना

शेअर घेतल्याच्या दिवशी रात्री ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे व्यवहाराचं बिल, येते. पीडीएफला पासवर्ड असतो, बहुतेक ठिकाणी पॅन नंबर. ती उघडा. ॲपवरचा हिरवा आकडा खर्च वजा न करता दाखवलेला असतो, खरा हिशेब या कागदावर असतो.

१५० रुपयांचे १० शेअर घेतले आणि १५६ ला विकले असं धरा. ॲप म्हणेल नफा ६० रुपये. यातून एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा सरकारी कर, घेताना ०.१ टक्का आणि विकताना ०.१ टक्का, रुपयात पूर्ण करून साधारण ४ रुपये. स्टॅम्प ड्युटी काही पैसे. विकताना डिमॅटमधून शेअर बाहेर जातो त्याचा डीपी चार्ज, जीएसटी धरून समजा १६. डिलिव्हरीला ब्रोकरेज शून्य असेल तर हातात ४० च्या आसपास. आणि ब्रोकरेज दर ऑर्डरला २० असेल तर दोन्हीचे ४०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७ रुपये २० पैसे. झालं, ६० रुपयांच्या नफ्यात ७ रुपये खिशातले गेले. डीपी चार्ज १० शेअर विकले काय आणि १,००० विकले काय, सहसा तेवढाच लागतो. म्हणून एकाच कंपनीचे शेअर रोज दोन-दोन करून विकायचे नाहीत.

आज घेतलेला शेअर डिमॅटमध्ये पुढच्या कामाच्या दिवशी येतो. २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्याच शेअरना ही पद्धत लागू आहे. तो ॲपच्या होल्डिंग्जमध्ये, म्हणजे तुमच्याकडच्या शेअरच्या यादीत, आला की डिपॉझिटरीच्या लॉगिनवरही एकदा बघा, ब्रोकरचं ॲप आणि डिपॉझिटरी यांत एकच संख्या दिसायला हवी. मगच विकायला घ्या.

विकताना सीडीएसएलचं खातं असेल तर टीपिन मागतं. हा सहा अंकी नंबर सीडीएसएल पाठवतं, ब्रोकर नाही. मग ओटीपी. हे दोन्ही कोणालाही सांगायचे नाहीत, "कस्टमर केअर"वाल्यालासुद्धा. सोमवारी विकलं तर पैसे मंगळवारी सेटल होतात. मग "विड्रॉ" शोधा, रक्कम टाका, आणि बँकेत जमा झाल्याचा मेसेज बघा. झाली फेरी. पैसे काढायचे राहिले आणि तसेच पडून राहिले तर घाबरू नका. सेबीच्या नियमाने ब्रोकरला न वापरलेले पैसे महिन्याला किंवा तिमाहीला, तुम्ही निवडाल तसे, बँकेत परत पाठवावेच लागतात. "मी काढले नाहीत, मग पैसे आले कुठून" असं विचारत दरवेळी कोणी ना कोणी येतोच.

एवढं झालं की ॲप तुम्हाला ऑप्शन्सचं आमंत्रण देऊ लागेल. सेटिंगमध्ये जाऊन जाहिरातींचे नोटिफिकेशन बंद करा, ऑर्डरचे चालू ठेवा. सेबीनेच २०२४ मध्ये अहवाल दिला की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. इंट्राडेत २०२२-२३ मध्ये दहातले सात. ओव्हरटाइमचे पैसे तिथं घालवायला मी कोणाला मदत करत नाही.

कराचं थोडक्यात. वर्षाच्या आत विकून झालेल्या नफ्यावर २० टक्के कर. वर्षानंतर विकलं तर वर्षाला १ लाख २५ हजारांपर्यंतचा नफा सोडून उरलेल्यावर १२.५ टक्के. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असणाऱ्यांचा कर माफ होतो, पण ती माफी शेअरच्या या नफ्याला लागत नाही. वर्षाच्या आतला नफा-तोटा असेल तर नेहमीचा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो, आणि इंट्राडे केलं असेल तर आयटीआर-३. यातलं काहीही फॉर्म सोळामध्ये येत नाही, तेव्हा जुलैमध्ये माझ्या टेबलाशी येऊन ते मागू नका. ॲपच्या रिपोर्ट्समध्ये "टॅक्स पी अँड एल" म्हणजे वर्षाच्या नफा-तोट्याचा हिशेब असतो, तो एप्रिलनंतर काढा आणि सोबत घेऊन या.