वेब फॉर्ममध्ये संख्या तपासताना या चुका टाळा

एखाद्या पतसंस्थेच्या सभासद-नोंदणीचा साधा फॉर्म डोळ्यांसमोर आणा. त्यात वय, मोबाइल क्रमांक, पिन कोड, खाते क्रमांक आणि ठेवीची रक्कम असे पाच रकाने आहेत. पाचही ठिकाणी अंकच भरायचे असल्यामुळे नवशिका प्रोग्रॅमर जावास्क्रिप्टमध्ये (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत) ‘ही संख्या आहे का?’ एवढेच विचारणारे एक फंक्शन लिहितो आणि तेच सगळीकडे लावतो. पुढे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका निर्णयात असते, कारण वय आणि रक्कम या खऱ्या संख्या आहेत, तर मोबाइल क्रमांक, पिन कोड आणि खाते क्रमांक ही अंकांत लिहिलेली नावे आहेत. दोन पिन कोडांची बेरीज करण्याची वेळ कोणावरही येत नाही.

(या लेखात चालू मजकुरातील आकडे देवनागरीत आहेत, रकान्यात भरलेली किंवा प्रोग्रॅमला दिसणारी मूल्ये मात्र अवतरणचिन्हांत आणि बहुतांशी इंग्रजी अंकांत दिली आहेत. त्याचे कारण पुढे येईल.)

‘इजनॅन’वर विसंबणे

रकान्यातून हाती येणारे मूल्य नेहमी मजकूर असते, मग त्यात अंक का असेनात. म्हणूनच दोन रकान्यांतील "5" आणि "3" यांच्यामध्ये अधिकचे चिन्ह ठेवले, तर "53" असे उत्तर मिळते. ‘इजनॅन’ हे जुने फंक्शन ‘हे मूल्य संख्या नव्हे, असे आहे का?’ असा नकारार्थी प्रश्न विचारते; पण उत्तर देण्यापूर्वी ते मजकुराचे गुपचूप संख्येत रूपांतर करते. रिकाम्या मजकुराचे आणि नुसत्या मोकळ्या जागांचे रूपांतर शून्यात होते, आणि शून्य ही संख्याच असल्यामुळे रिकामा सोडलेला रकाना तपासणीतून विनातक्रार पुढे जातो. ठेवीच्या नोंदींमध्ये अचानक शून्य रुपयांच्या ठेवी दिसू लागल्या, तर प्रथम येथे पाहावे.

भाषेच्या २०१५ च्या आवृत्तीत आलेले ‘नंबर डॉट इजनॅन’ हा यावरचा उपाय आहे असे पुष्कळांना वाटते, पण तसे नाही. ते रूपांतर करत नाही. दिलेले मूल्य प्रत्यक्ष ‘नॅन’ (‘संख्या नव्हे’ हे दाखवणारे खास मूल्य) आहे का, एवढेच पाहते. त्यामुळे रकान्यातला "दहा" हा शब्द तसाच त्याच्या हाती दिला, तर तो ‘नॅन’ नाही, मजकूर आहे, असे खरे पण निरुपयोगी उत्तर मिळते. मूल्याची ‘नॅन’शी थेट तुलना करूनही काही साधत नाही, कारण ‘नॅन’ स्वतःच्याही बरोबरीचे नसते. आणि मूल्याचा प्रकार सांगणाऱ्या ‘टाइपऑफ’ला विचारले तर ते ‘नॅन’चा प्रकार चक्क ‘नंबर’ असा सांगते.

योग्य क्रम असा आहे: प्रथम ‘ट्रिम’ने मागची-पुढची मोकळी जागा काढावी, मूल्य रिकामे असल्यास तेथेच थांबून तसा संदेश द्यावा, मग मजकुराचा आकार अपेक्षेप्रमाणे आहे का हे पाहावे, त्यानंतरच ‘नंबर’ने रूपांतर करावे आणि शेवटी ‘नंबर डॉट इजफायनाइट’ने ती मर्यादित संख्या असल्याची खात्री करून किमान-कमाल मर्यादा लावावी. आकार पाहण्याची पायरी गाळू नये. ‘नंबर’ला घातांकी लेखन चालते, त्यामुळे एक, ई आणि पाच अशी अक्षरे भरली की त्याला एक लाख दिसतात, शून्य आणि एक्सने सुरू होणारे सोळाआधारी आकडेही तो आनंदाने स्वीकारतो. पतसंस्थेच्या सभासदाला यांपैकी काहीही अभिप्रेत नसते.

‘पार्सइंट’चा उदारपणा

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक ही आहे, कारण येथे कोणताही दोष दिसत नाही. ‘पार्सइंट’ आणि ‘पार्सफ्लोट’ ही दोन्ही फंक्शने मजकूर डावीकडून वाचू लागतात आणि समजेनासे अक्षर आले की तेथवरचे उत्तर देऊन मोकळी होतात. "12 गुंठे" लिहिले की १२ मिळतात, तोवर ही सोयच वाटते. पण आपल्याकडची माणसे रक्कम स्वल्पविराम देऊन लिहितात. "1,50,000" यातील पहिल्या स्वल्पविरामाशी दोघेही थांबतात, आणि दीड लाखाची ठेव एक रुपया म्हणून नोंदली जाते. तपासणी यशस्वी होते, फॉर्म जातो, पोच मिळते. चूक कळते ती महिनाअखेरीस हिशेब जुळवताना.

त्याच मजकुराला ‘नंबर’ सरळ ‘नॅन’ म्हणतो. असा नकार वापरणाऱ्याला त्रासदायक वाटला, तरी तो प्रामाणिक आहे. भारतीय पद्धतीत स्वल्पविराम केवळ हजार-लाख वेगळे दाखवण्यासाठी असतो, म्हणून रकमेच्या रकान्यातून तो रूपांतरापूर्वी काढून टाकण्यास हरकत नाही. हाच फॉर्म जर्मनीतील सभासदांसाठीही असेल, तर मात्र तेथे स्वल्पविराम दशांशचिन्ह असतो हे ध्यानात ठेवावे.

देवनागरी अंक

मराठी कळफलक चालू असलेल्या फोनवर वय भरताना "४५" असे लिहिले जाणे अगदी स्वाभाविक आहे, आणि मराठी संकेतस्थळावर तर तसे लिहिण्याचा वापरणाऱ्याला पूर्ण हक्क आहे. जावास्क्रिप्टच्या ‘नंबर’ला मात्र हे अंक वाचता येत नाहीत, तो ‘नॅन’ देतो. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा आकार तपासण्याच्या नमुन्यात) अंकासाठी वापरली जाणारी, उलटी तिरपी रेघ आणि डी ही खूणही जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी ० ते ९ एवढ्यांनाच ओळखते. परिणामी पंचेचाळीस वर्षांच्या बाईंना ‘कृपया फक्त अंक भरा’ असा संदेश दिसतो, आणि आपण अंकांखेरीज काय भरले हे त्यांना काही केल्या कळत नाही.

उपाय अवघड नाही. युनिकोडमध्ये (लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक तक्त्यात) देवनागरी ० ते ९ हे अंक २४०६ ते २४१५ या क्रमांकांवर ओळीने बसवलेले आहेत. प्रत्येक अक्षराचा संकेतांक पाहून तो या पट्ट्यात असल्यास त्यातून २४०६ वजा केले की इंग्रजी अंकाचे मूल्य हाती येते. हे रूपांतर तपासणीच्या अगदी आधी, मोकळी जागा काढतानाच करून घ्यावे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. रक्कम भरून झाल्यावर ती नीट स्वल्पविराम देऊन दाखवावी म्हणून ‘टूलोकेलस्ट्रिंग’ हे फंक्शन वापरतात. तेथे भाषा म्हणून भारतीय इंग्रजी किंवा हिंदी दिली, तर आकडे इंग्रजी अंकांत येतात. मराठी दिली, की मात्र "१,५०,०००" असे देवनागरीत येतात. त्यामुळे हिंदी आवृत्तीत सुरळीत चाललेला फॉर्म मराठीत आणल्यावर स्वतःच लिहिलेली रक्कम पुन्हा वाचताना अडखळतो. दाखवण्यासाठीचे मूल्य आणि हिशेबासाठीचे मूल्य वेगळे ठेवणे हा खरा इलाज आहे. निदान ‘नंबरिंगसिस्टिम’ या पर्यायात ‘लॅटन’ देऊन इंग्रजी अंक मागून घ्यावेत.

सर्व्हरवर पायथॉन ही भाषा असेल तर आणखी एक गंमत होते: पायथॉन ३ मधील ‘इंट’ देवनागरी अंक बिनदिक्कत वाचतो आणि तेथील अंकाची खूणही त्यांना ओळखते. म्हणजे ब्राउझर ज्याला नाकारतो, त्याला सर्व्हर स्वीकारतो. दोन्हीकडचे नियम शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय हा विसंवाद सापडत नाही.

रकान्याचा प्रकार ‘नंबर’ ठेवला की काम झाले, हा समज

एचटीएमएलमधील ‘नंबर’ हा प्रकार वय किंवा नगांची संख्या यांसाठी ठीक आहे, पण त्याच्याही खोडी आहेत. भरलेला मजकूर ब्राउझरला संख्या म्हणून पटला नाही, तर स्क्रिप्टला रिकामे मूल्य मिळते. म्हणजे पडद्यावर काहीतरी दिसत असताना आपण ‘हा रकाना रिकामा आहे’ असे सांगून बसतो. अशा वेळी रकान्याच्या ‘व्हॅलिडिटी’मधील ‘बॅडइनपुट’ ही खूण पाहून खरा रिकामा आणि चुकीचा भरलेला असा भेद करावा. ‘स्टेप’ (आकडा किती-कितीने वाढावा ते) दिली नसेल तर ती १ धरली जाते, आणि साडेबारा गुंठे अवैध ठरतात. दशांश हवे असल्यास ‘स्टेप’ला ‘एनी’ द्यावे. अक्षरांची कमाल संख्या ठरवणारे ‘मॅक्सलेंग्थ’ येथे लागूच होत नाही. काही ब्राउझरांत रकाना निवडलेला असताना माउसचे चाक फिरले, की आकडा कळत नकळत बदलतो.

ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांची रचना ठरवणाऱ्या गटाने २०२० मध्ये अशाच कारणांनी हा प्रकार बाजूला ठेवून साधा मजकुराचा रकाना आणि ‘इनपुटमोड’ला ‘न्यूमेरिक’ अशी जोडी स्वीकारली. फोनवर अंकांचा कळफलक उघडतो आणि बाकीचा ताबा आपल्याकडे राहतो. क्रमांकांच्या रकान्यांसाठी मलाही हाच मार्ग पसंत आहे.

क्रमांकाला संख्या मानणे

शून्याने सुरू होणारा खाते क्रमांक संख्येत बदलला की पुढचे शून्य गळते आणि परत मिळत नाही. शिवाय जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ एवढ्यापर्यंतच भरवशाचे असतात. त्यापुढचा "9007199254740993" दिला तर शेवटी ९९२ उमटतो. सोळा-अठरा अंकी क्रमांक त्यामुळे शेवटच्या अंकात बदलून जतन होऊ शकतात. असे क्रमांक शेवटपर्यंत मजकूरच ठेवावेत आणि त्यांचा आकार तपासावा: १९७२ पासून चालत आलेल्या पिन कोडला सहा अंक असतात आणि पहिला अंक शून्य नसतो, तर मोबाइल क्रमांकाला दहा अंक असतात आणि तो ६ ते ९ पैकी एखाद्या अंकाने सुरू होतो. मोबाइल क्रमांकाआधी लावलेले ९१ किंवा मधल्या मोकळ्या जागा काढून टाकणे हे आपले काम आहे, त्याबद्दल वापरणाऱ्याला दटावू नये. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या आरंभी ^ (मजकुराचा प्रारंभ) आणि शेवटी $ (मजकुराचा अंत) लिहिण्यास विसरू नये, नाहीतर मजकुरात कोठेही सहा अंक सापडले की तपासणी संपते.

किरकोळ वाटणाऱ्या पण सापडत राहणाऱ्या चुका

रूपांतरानंतर ‘मूल्य नसेल तर’ अशी सैल अट लिहिली, की शून्यही नाकारले जाते, आणि घरातील तान्ह्या बाळाचे वय भरता येत नाही. पैशांच्या हिशेबात 19.99 ला १०० ने गुणले की १९९९ ऐवजी 1998.9999999999998 मिळते, म्हणून रुपये आणि पैसे मजकुरातूनच वेगळे करून हिशेब पूर्णांक पैशांत करावा.

कळ दाबली जाताना ती अडवण्याचा प्रकार तर आता सोडूनच द्यावा. पेस्ट केलेला, ब्राउझरने आपोआप भरलेला किंवा बोलून टाकलेला मजकूर त्या अडवणुकीला वळसा घालून येतो, अँड्रॉइडवरील अनेक कळफलक प्रत्येक कळीसाठी २२९ हा एकच संकेतांक कळवतात, आणि वापरणाऱ्याला मात्र आपली कळ बिघडली असे वाटते. ‘इनपुट’ ही घटना ऐकावी, भरलेले तसेच राहू द्यावे आणि रकाना सोडल्यावर संदेश द्यावा. तो संदेशही ‘अवैध इनपुट’ असा नसावा. ‘पिन कोडमध्ये सहा अंक हवेत, आपण पाच भरले आहेत’ असे लिहावे. हीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करणे अनिवार्य आहे, कारण ब्राउझरमधील स्क्रिप्ट कोणालाही बंद करता येते.