जुन्या जीपच्या पुढच्या हबमध्ये ग्रीस कसं भरावं आणि नट किती आवळावा

खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार घालायचा, तर त्याआधीच्या रविवारी तिचे पुढचे दोन्ही हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतात) उघडायचे, हा माझा अनेक वर्षांचा नेम आहे. पाऊस सरलेला असतो. चार महिने ओढ्यांतून आणि चिखलातून फिरलेल्या गाडीच्या हबमध्ये पाणी शिरलंय की नाही, हे तेव्हा उघडल्याशिवाय कळत नाही. "आवाज आला की बघू" असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. हबमधून आवाज येतो तेव्हा ग्रीस करायची वेळ टळून गेलेली असते, बेअरिंग बदलायची आलेली असते.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि त्या घराण्याचा पुढचा एक्सल आपल्याकडे पुढे कित्येक वर्षं चालला. हबमध्ये एकमेकांकडे तोंड केलेली दोन टेपर बेअरिंग, बाहेरून एक नट, त्यावर पाती वाकवून नट अडकवणारा लॉक वॉशर आणि त्यावर चेकनट (पहिल्याला जागेवर धरणारा दुसरा नट). तुमच्या गाडीला हीच रचना असेल, तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. मागच्या हबची रचना गाडीगणिक वेगळी असते, तिथे हा हिशेब लावू नका.

चाक काढण्याआधी एक तपासणी करा. गाडी स्टँडवर घ्या, चाक वर आणि खाली धरून हलवा. हललं तर लगेच बेअरिंगला दोष देऊ नका. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले, म्हणजे ती मोकळी हालचाल, नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा आहे. ब्रेक दाबूनही चाक तितकंच हलत असेल तर किंगपिन (चाक वळतं ती खीळ) ढिली आहे, आणि तिचं दुखणं हबचा नट आवळून बरं होत नाही. लोक नेमकं तेच करतात.

मग चाक, सर्क्लिप, फ्लँज (चाकाला एक्सलच्या दांड्याशी जोडणारी चकती) किंवा फ्रीव्हील हब (चाक त्या दांड्यापासून सोडवता येणारा), चेकनट, वॉशर, नट, आणि ड्रमसकट हब बाहेर. नटासाठी मोठा गोटी पाना विकत घ्या. छिन्नी आणि हातोडीने नट फिरवणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी देऊ नका. तिथे नटाच्या कडा तर जातातच, शिवाय नट किती आवळला हे हाताला कळायचा मार्गच राहत नाही.

बेअरिंग डिझेलने किंवा रॉकेलने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. कॉम्प्रेसरची हवा मारून ते गरगर फिरवू नका. रोलर सुटून तोंडावर येऊ शकतो. या हबमध्ये आतलं आणि बाहेरचं बेअरिंग एकाच नंबरचं असतं (जुन्या विलीजला १८५९० चा कोन, म्हणजे रोलरसकट आतला भाग, आणि १८५२० चा कप, म्हणजे हबमध्ये बसणारी बाहेरची कडी), त्यामुळे धुताना अदलाबदल हमखास होते. दोन वेगळे डबे ठेवा. झिजलेला कोन त्याच्याच कपात बसला पाहिजे. रोलरवर निळी झाक, खड्डे किंवा गंजाच्या रेघा दिसल्या तर बेअरिंग गेलं. नवीन घेताना कपसुद्धा बदला. जुन्या कपात नवा कोन घालून वाचवलेले पैसे सहा महिन्यांत दुप्पट जातात.

ग्रीस व्हील बेअरिंगचंच हवं. लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाचा क्रमांक) २ किंवा ३. पाट्यांच्या शॅकलला मारायचं स्वस्त चेसिस ग्रीस इथे चालत नाही, कारण घाटात ब्रेकची उष्णता हबमध्ये येते आणि ते वितळून ड्रममध्ये उतरतं. जुन्या ग्रीसवर नवं चोपडू नका. दोन वेगळ्या जातींची ग्रीस एकत्र आली की कधी पातळ होतात, कधी तेल सोडतात. जुनं सगळं काढा.

भरायची पद्धत एकच. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत, ओढत राहा, रोलरच्या फटीतून दुसऱ्या टोकाला ग्रीसच्या शेवया वर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुन्हा. हबच्या पोकळीत मात्र फक्त आतून एक थर द्या. "गच्च भरा, पाणी जाणार नाही" हा सल्ला मी गॅरेजमध्ये इतक्या वेळा ऐकला आहे की आता मी तिथेच थांबवून सांगतो: गच्च भरलेलं ग्रीस घुसळून गरम होतं, फुगतं, सील ढकलतं आणि ब्रेकच्या लायनरवर जातं. पाणी अडवायचं काम सीलचं आहे. ते दर वेळी नवं घाला, स्प्रिंगची बाजू बेअरिंगकडे, ओठाला बोटभर ग्रीस लावून.

आता नट. बाकी सगळं कुणीही एकदा बघून करेल. मी जिथे अडलो होतो ती जागा ही.

२०११ मध्ये मी पहिल्यांदा दोन्ही हब स्वतः केले. नट अगदी पुस्तकाप्रमाणे लावला, चाक सुंदर फिरत होतं. मग वॉशर घातला, चेकनट जोर लावून आवळला, पाती वाकवल्या आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो. आंबा घाट उतरताना डावीकडून जळका वास यायला लागला. मला वाटलं ब्रेकचा आहे. साखरप्याला थांबून हबला हात लावला आणि तळहाताला फोड आला. बाहेरच्या बेअरिंगचा कोन स्पिंडलवर (हब ज्यावर फिरतो त्या नळीवर) चिकटून बसला होता, स्पिंडल निळं पडलं होतं. गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून परत आणावी लागली. आणखी दहा किलोमीटर गेलो असतो तर चाक धावतानाच अडकलं असतं, आणि मागे मुलं बसली होती. तो वास मी अजून विसरलेलो नाही.

चूक काय झाली हे कळायला मला पुढचे दोन महिने लागले. नट आणि स्पिंडल यांच्या आट्यांमध्ये थोडी मोकळीक असते. चेकनट आवळला की तो आतल्या नटाला त्या मोकळिकीइतका आत ढकलतो. सूतभरही नाही, पण टेपर बेअरिंगला तेवढं पुरतं. म्हणजे चेकनट लावण्याआधी जो नट बरोबर होता, तो चेकनट लावल्यावर जास्त घट्ट झालेला असतो. चेकनटानंतर पुन्हा तपासा, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

म्हणून असं करा. हब चढवा, आतला नट आवळत जा आणि त्याच वेळी चाक दोन्ही दिशांना फिरवत राहा. न फिरवता आवळलात तर रोलर वाकडे बसतात आणि नट घट्ट झाल्याचा खोटा भास होतो. चाक स्पष्ट जड लागेपर्यंत आवळा. बेअरिंग जागेवर बसलं. आता नट एक षष्ठांश फेरा मागे घ्या. त्यासाठी अंश मोजायची गरज नाही. नटाला सहा बाजू असतात, एक षष्ठांश म्हणजे बरोबर एक बाजू. सुरुवातीला समोरच्या बाजूवर आणि स्पिंडलवर पांढऱ्या रंगाची खूण करा, म्हणजे डोळ्याला दिसतं.

वॉशर घाला, चेकनट पूर्ण आवळा, पण पाती अजून वाकवू नका. आता चाक फिरवा. एका ढकलण्यात ते सहज फिरलं पाहिजे आणि वर-खाली हलवल्यावर प्ले नसावा, किंवा बोटांना जेमतेम कळेल एवढाच असावा. जड वाटलं तर चेकनट सोडा, आतला नट अर्धी बाजू आणखी मागे घ्या, पुन्हा आवळा, पुन्हा फिरवा. मला अजूनही प्रत्येक हबला दोन-तीन वेळा हे करावं लागतं. घट्ट आणि ढिलं यात शंका असेल तर किंचित ढिलं निवडा. ढिलं बेअरिंग तुम्हाला कळवत कळवत झिजतं, घट्ट बेअरिंग एका घाटात जळतं. समाधान झालं की मगच पाती वाकवा, एक आतल्या नटावर, एक चेकनटावर. वॉशर नवा. एकदा वाकवलेली पाती दुसऱ्यांदा वाकवताना तुटते.

ड्राइव्ह फ्लँजचं पॅकिंग नवं घाला. फ्रीव्हील हब असेल तर त्यात ग्रीसचा फक्त हात फिरवा. भरलंत तर त्याची आतली दातेरी कडी चिकटते आणि चिखलात अडकल्यावर फोर व्हील लागत नाही.

मग वीस किलोमीटर सपाटीवर, ब्रेक कमीत कमी वापरत गाडी चालवा, थांबा आणि हबच्या मधोमध हात ठेवा, ड्रमच्या कडेवर नाही. कोमट असेल तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर घरी येऊन नट पुन्हा उघडा, उद्यावर ढकलू नका. दोन्ही बाजूंची तुलना करा, एक बाजू दुसरीपेक्षा गरम असणं हीसुद्धा खूण आहे.

नकलच्या गोळ्याचा (हबच्या मागचा, चाक वळतं तो गोल सांधा) प्लग उघडून ग्रीसची लेव्हल बघा. तिथलं ग्रीस पातळ होऊन मागच्या नमद्यातून गळत असेल, तर एक्सलच्या आतलं सील गेलंय आणि हाउसिंगमधलं तेल तिकडे येतंय. ते सील बदलल्याशिवाय वरून ग्रीस भरत राहणं व्यर्थ आहे.

हाउसिंगचं तेल ईपी ९०, जीएल-५ (गिअर तेलाची जात). जुनं तेल काढण्याआधी भरायचा प्लग उघडतो का ते बघा, नाहीतर रिकामा एक्सल आणि गंजलेला प्लग घेऊन बसाल. तेल दुधी दिसलं तर पाणी गेलंय. अशा वेळी फक्त तेल बदलून थांबू नका, एक्सलवरचा ब्रीदर (हवा जाण्या-येण्याचं तोंड) साफ करा. तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बंद असेल तर ती सीलमधून पाणी ओढून घेते. मी ब्रीदरला रबरी नळी लावून ती बॉनेटखाली उंच नेली आहे. तेव्हापासून माझ्या एक्सलचं तेल दुधी झालेलं नाही.

हे सगळं दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी होईल तेव्हा. हबच्या वर पाणी येईल असा ओढा पार केलात, तर त्याच आठवड्यात एक हब उघडून बघा. त्यात पाणी दिसलं तर दुसराही उघडा.